देव्हाऱ्यातला शंकू

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आलेलं –
दिव्याचं तेल, दोन बाटल्या – छत्तीस.
धुण्याचा साबण, सहा वड्या – चाळीस. एक वडी चेपलेली होती, तिचे दोन कमी करून घेतले.
पाकिटं आणि तिकिटं – बारा.
भट्टीचे शंकू, एक पेटी, टपालानं – एकशे दहा. गेल्या खेपेला एकशे साठ पडले होते!

विक्रेत्याचं कार्ड आधीच आलं होतं – नेहमीची पेटी यायला महिना लागेल, त्याच कंपनीची दुसरी हाताशी आहे, स्वस्त पडेल. मी त्याच टपालानं होकार कळवला. भट्टी लावायची तारीख ठरलेली, महिनाभर थांबतं कोण? आज उघडून बघितली तर उंची तीच, रंग तोच. वाचलेले पन्नास ह्यांच्या चष्म्यासाठी साठवते त्या डब्यात टाकले. ह्यांना सांगितलं नाही. चष्म्याचं नाव काढलं की चिडतात.

साबणवाला विचारत होता, तुमच्या विटा एवढ्या महाग कशा हो? म्हटलं, घराची वीट ऊनपाऊस सोसते, आमची वीट वितळलेलं लोखंड पोटात धरते.

देवाचं आटोपून शंकू रोवायच्या मातीच्या टिकल्या थापायला बसले. धाकटी जाऊ अंगणात केस वाळवत होती. बारा वर्षं या घरात आहे आणि आज विचारते, ताई, हे मातीत काय रोवता? सांगितलं – हा शंकू. करंगळीएवढाच, पण भट्टीचा खरा मालक हा. विटांबरोबर आत ठेवायचा. पुरेशी आच लागली की मान टाकतो. तो वाकल्याशिवाय विस्तव काढला तर विटा कच्च्या. बुडावरचा आकडा दिसेनासा होईपर्यंत ओल्या टिकलीत रोवायचा, म्हणजे आडवा पडत नाही – ही सासूबाईंची शिकवण. या घरात टिकल्या थोरल्या सुनेनंच करायच्या, तेही आंघोळ करून. धाकटी म्हणाली, बरं झालं मी थोरली नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी तीनला विस्तव काढला. हे घरी आले. हातावर पाणी घालताना म्हणाले, या खेपेला लवकर झाली भट्टी. रंग अजून केशरीच वाटत होता, पांढरा पडला नव्हता. पण शंकूनं मान टाकली, भट्टीत बघायच्या पुढच्या डोळ्यातल्याही आणि मागच्याही. शंकू खोटं बोलत नाही, तेव्हा माझेच डोळे म्हातारे झाले.

मी म्हटलं, तेच तर सांगते, चष्मा करा.

विटा थंड व्हायला आठवडा जाईल. मग ह्यांनी नेहमीप्रमाणे पुढच्या डोळ्यातली टिकली घरी आणायची आणि मी ती देवापुढे ठेवून तारखेच्या चिठ्ठीसकट देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची. एकोणीस वर्षांच्या टिकल्या आहेत त्या खणात. मागच्या डोळ्यातली कारखान्यातच पडून असते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

विटा ओतशाळेत गेल्या. दोन ट्रक. वितळभट्टीचं सगळं अस्तर नवं करणार आहेत. भाऊजी स्वतः ट्रकबरोबर गेले. माती घेणं आणि माल विकणं त्यांच्याकडे, आच ह्यांच्याकडे – सासरे गेल्यापासून दोघा भावांची हीच वाटणी. ऑर्डर मोठी, म्हणून ऐट पण मोठी. नवा शर्ट!

१७ डिसेंबर, मंगळवार

ओतशाळेत भट्टी फुटली. सहा-सहा महिने टिकणारं अस्तर अकराव्या दिवशी बुडातून ढासळलं आणि लोखंडाचा रस बाहेर आला. खाली ओतारी उभा होता. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत गेले. तिशीचा आहे म्हणतात.

हे कारखान्यात गेले ते दिवेलागणीला आले. हात धुतले नाहीत, जेवले नाहीत. बोटांना टिकलीची माती लागलेली.

देवा, हे आमच्या विटांनी झालं का?

१९ डिसेंबर, गुरुवार

लिहायला हात वळत नाही. तरी लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

आज ओतशाळेत सगळ्यांची बैठक झाली. मालक, इंजिनियर, दोघं भाऊ, आपला मुकादम. मुकादमानं दारात उभं राहून मला सांगितलं, डोळ्याला डोळा न देता. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले – दादांना डुलकी लागली, आच आधीच काढली गेली, वय झालंय त्यांचं, ह्यापुढे ते विस्तवाला हात लावणार नाहीत.

आणि हे? हे मान खाली घालून बसले.

डुलकी! एकोणतीस वर्षं विस्तवासमोर बसलेला माणूस. माझ्या पहिल्या बाळंतपणात भट्टी लागलेली होती म्हणून तिसऱ्या दिवशी तोंड बघायला आला तो माणूस. त्याला डुलकी?

ह्यांना विचारलं, खोटं आहे ना? म्हणाले, झालं ते झालं. दिवा लाव.

२० डिसेंबर, शुक्रवार

दवाखान्यात जाऊन आले. एकटीच. फळं घेऊन गेले होते, ती ओताऱ्याच्या आईनं घेतली नाहीत. आमचं घर कोणतं ते तिला कळलं होतं. मुलगा झोपला होता. पायांवर पिंजरा ठेवून वर चादर टाकलेली.

बाई रडत नव्हती. मला म्हणाली, "ज्याच्या हातून हे झालं, त्याचे हात झडोत. देवाला रोज एवढंच मागते."

मी तिच्या शेजारी बाकावर बसले, डोळे मिटले आणि मनात म्हटलं – देवा, हिचं ऐक. माझंही त्यात धर.

२४ डिसेंबर, मंगळवार

आता उघडच लिहिते. भाऊजींना मातीत घातल्याशिवाय मी राहणार नाही. पोथीत क्षमा सांगितली आहे, मला माहीत आहे. रोज वाचते. आज मी ते पान उलटून पुढे गेले.

विचार करकरून डोकं लख्ख झालंय. आच कमी नव्हती तर वीट फुटली कशानं? मातीनं! गेलं वर्षभर भाऊजींचं टुमणं चाललंच होतं – डोंगरापलीकडची माती निम्म्या भावात मिळते, जुन्या विटांचा चुरा थोडा कमी घातला तर कुणाला कळतंय? हे दरवेळी नाही म्हणाले. ह्यांच्या पाठीमागे घातली असेल. मग भट्टी फुटल्यावर थोरल्या भावाच्या गळ्यात अडकवून मोकळे.

आज धुण्याच्या दोरीचा माझ्या खिळ्याकडचा भाग सोडून घेतला. निम्मी दोरी माझ्या माहेरची आहे. धाकटीची धुतलेली लुगडी जमिनीवर आली. ती बघत राहिली, मग हसून म्हणाली, ताई, भांडण दोरीशी आहे का? मी दोरी गुंडाळून आत नेली.

२८ डिसेंबर, शनिवार

अंगणात धाकटीच्या पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून चार विटा आहेत. त्याच खेपेतल्या, कोपरे उडाले म्हणून बाजूला काढलेल्या. मुकादमाकडून खात्री करून घेतली, शिक्क्याखाली खेपेची खूण आहे. सकाळी ती देवळात गेली तेव्हा त्यातली एक ओढून काढली. पिंप कलंडलं, अंगणभर पाणी. आल्यावर तिनं विचारलं तर मी म्हटलं, मांजर असेल.

देवापुढे खोटं बोलल्याची माफी मागितली. वीट परत दिली नाही.

१ जानेवारी, बुधवार

हे दिवसभर खाटेवर. भिंतीकडे तोंड. नवा भट्टीवाला ठेवलाय म्हणे. पोरगेलासा आहे, विस्तवासमोर शीळ घालतो.

४ जानेवारी, शनिवार

इतके दिवस माझ्या डोक्यात कसं आलं नाही!

सकाळी दिवा लावताना खण उघडला. चौदा नोव्हेंबरची टिकली – चिठ्ठी माझ्याच हातची. शंकू वाकलेला आहे. नुसता वाकलेला नाही, टोक टिकलीला टेकलंय, देवाला नमस्कार करावा तसं. याहून मोठा पुरावा कोणता? आच पुरी लागली होती. डुलकी खोटी. माती खोटी. भाऊजी खोटे.

एकोणीस वर्षं मी हे शंकू देवापुढे का ठेवत होते, ते आज कळलं.

ह्यांना दाखवला. म्हटलं, हा आणि वीट, दोन्ही इंजिनियरसाहेबांना पाठवते. हे उठून बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

"पाठवू नकोस," म्हणाले. "ते राहू दे. तुला माझी शपथ."

"भावासाठी शपथ घालता? त्यानं तुमचं तोंड काळं केलं."

हात पुढे करून टिकली मागत राहिले. मी दिली नाही. नवऱ्यानं घातलेली शपथ आयुष्यात पहिल्यांदा मोडतेय. त्याचं पापही भाऊजींच्याच खात्यावर लिहावं, अशी देवाला विनंती.

६ जानेवारी, सोमवार

पाठवलं. टिकली कापसात, कापूस चष्म्याच्या डब्यात, त्यातले पैसे काढून. वीट गोणपाटात. पत्र तीन वेळा लिहिलं, तिसरं सुवाच्य आलं. लिहिलं – मी या घरातली थोरली सून, मॅट्रिक पास, शपथेवर सांगते की आच पुरी होती, सोबतचा शंकू साक्ष आहे. दोष असलाच तर मातीत आहे आणि माती माझे दीर घेतात. खाली पूर्ण सही.

टपाल कचेरीतल्या बाबूनं वजन करून विचारलं, वीट पाठवताय? घर बांधताय का कुणाचं? म्हटलं, नाही. पाडतेय.

त्याला गंमत वाटली.

१६ जानेवारी, गुरुवार

झालं! दुपारी बाराला दोन पोलीस आले. ओतशाळेच्या मालकांनी तक्रार केली – खोटी माती वापरून फसवणूक, त्यात माणूस जन्माचा अधू. भाऊजी जेवायला बसत होते. ताटावरून उठवलं. मोठा पोलीस म्हणाला, तुमच्याच घरातून पत्र गेलंय, आम्ही काय करणार?

मी खिडकीतच होते. सरकले नाही. मला वाटलं होतं, आता माझ्याकडे बघतील, मग मी बघून घेईन. महिनाभर त्या नजरेची तयारी केली होती. त्यांनी बघितलंच नाही. ओट्यावर हे उभे होते, त्यांच्यापाशी थांबले.

"दादा, मी काही बोललो नाही. बोलणारही नाही," एवढंच म्हणाले आणि गेले.

हे चपला न घालताच त्यांच्या मागून कोपऱ्यापर्यंत धावले. परत आले तेव्हा तोंड राखेसारखं.

काय बोललो नाही? चोराच्या तोंडी अजून ऐट!

संध्याकाळी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या. तेल हिशेबाबाहेरचं.

१८ जानेवारी, शनिवार

धाकटी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, ताई, तुमचं पत्र मागे घ्या. दोन दिवस झाले, त्यांना औषधसुद्धा आत नेऊ देत नाहीत.

महिनाभर घोकून ठेवलेलं वाक्य होतं, ते सोडलं. "ह्यांना डुलकी लावताना औषध आठवलं नव्हतं का?"

ती काहीतरी बोलायला गेली, मग ओठ दाबून घेतले. जाताना पदर दाराच्या कडीत अडकला. तिनं सोडवला नाही, तशीच ओढून गेली. पदराचा धागा अजून कडीला आहे.

वाटलं होतं, आज गोड झोप लागेल. नुसतं पडून राहिले.

२५ जानेवारी, शनिवार

इंजिनियरसाहेबांचं पत्र. रजिस्टर. पुन्हा पुन्हा वाचलं. जसंच्या तसं उतरवत नाही, मथितार्थ लिहिते.

वीट तपासली. मातीत खोट नाही. चुराही नेहमीइतकाच. वीट कच्ची आहे – आच बरीच कमी पडली आहे. टिकली फोडून शंकू काढला. बुडावरचा आकडा आपल्या विटांना लागतो तो नाही. सहा अंकांनी खालचा आहे. तो फार कमी आचेवर वाकतो. भट्टीवाल्याची चूक दिसत नाही, त्यानं शंकूवर विश्वास ठेवला. तरी हे शंकू कुणी मागवले, ते कृपया कळवावे.

वही काढली. पाच नोव्हेंबर. शंकू, एक पेटी, एकशे दहा.

उरलेल्या पेटीतले शंकू एकेक उलटे करून बघितले. सगळ्यांवर तोच आकडा. जुन्या टिकल्या फोडल्या, एक, दोन, सात. त्यांच्यावर दुसरा. एकोणीस वर्षं तो आकडा मी या बोटांनी मातीत दाबत आले. एकदाही वाचला नाही. मॅट्रिक पास!

लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ही वही देवानंतर माझं एकच ठिकाण आहे, म्हणून लिहिते. दुपारी पेटी चुलीपाशी नेली. विक्रेत्याचं कार्डही नेलं. पेटी जाळली, वहीतलं एक पान फाडलं, तर कुणाला कळणार आहे? ह्यांची डुलकी पुसली गेली, साहेबांनीच लिहिलंय. भाऊजी चारसहा दिवसांत सुटतील, माती चांगली निघाली. राहिली मी. मी कुणाला दिसतच नाही.

आणि मनात अजून आहेच – काही झालं तरी डुलकीचं खोटं भाऊजी बोललेच ना? भोगू दे थोडं.

पेटी अजून चुलीपाशी आहे. चूल विझलेली.

२७ जानेवारी, सोमवार

काल संध्याकाळी ह्यांनी ती पेटी बघितली. चुलीपाशी माझ्याजवळ बसले.

"मागच्या डोळ्यातली टिकली मी फोडून बघितली होती," म्हणाले. "भट्टी फुटली त्याच दिवशी."

म्हणजे ती बोटांची माती.

"मग बोलला का नाहीत?"

"टिकल्या तुझ्या हातच्या. काय बोलू? भाऊला मीच सांगितलं, माझ्या डुलकीचं सांग म्हणून. नाहीच म्हणत होता. सारखं म्हणाला, दादा, वहिनीला कळलं तर ती मला जन्मात क्षमा करणार नाही."

धाकटीलाही माहीत होतं. उंबऱ्याबाहेर उभी होती तेव्हाही.

आज आंघोळ करून, देवापुढे बसून पत्र लिहिलं. नक्कल –

इंजिनियरसाहेबांस, सा. न. वि. वि. शंकू मी मागवले. स्वस्त पडले म्हणून. आकडा वाचला नाही. विक्रेत्याचं कार्ड, उरलेली पेटी आणि माझ्या वहीतलं पाच नोव्हेंबरचं पान सोबत आहे. माझे यजमान विस्तवासमोर कधी झोपले नाहीत. माझ्या दिरांनी मातीत कधी खोट केली नाही. मागचं पत्र मी सूडानं लिहिलं होतं. हे लिहिताना माझे हात शाबूत आहेत, हेही त्या ओताऱ्याच्या आईला सांगावं. त्यांच्यापुढे हात घेऊन मी स्वतः येईन. कोणत्या दिवशी यावं आणि दिरांना कधी सोडतील, ते उलट टपाली कळवावं.